'नावे ते ची ये?': अंकारा ते वान, नऊ दिवस

तुर्कस्तानला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बलूनमध्ये बसलात का?" नाही बसलो. कापादोकिया पाहिलंच नाही. इस्तंबूलला विमान बदलण्यापुरते टेकलो, त्यामुळे ब्लू मॉस्कचे फोटोही नाहीत. मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, दोघीच गेलो होतो, आणि गेलो ते तुर्कस्तानच्या पार पूर्वेच्या टोकाला, जिथून आर्मेनिया आणि इराण हाकेच्या अंतरावर आहेत. ताई नगरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ऐनवेळी माझ्या नवऱ्याची रजा रद्द झाली आणि त्याच्या तिकिटावर ताईंचं नाव चढलं, एवढीच आमच्या बेताची कहाणी.

व्हिसाचं आधी सांगून टाकते. आपल्या पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, पण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा हाती असेल तरच. नसेल तर रीतसर अर्ज करा आणि महिनाभर आधीच सुरुवात करा.

पहिला दिवस: अंकारा

किल्ल्याखालच्या जुन्या उस्मानी, म्हणजे ऑटोमन, बाजाराच्या इमारतीत अ‍ॅनातोलियन संस्कृतींचं संग्रहालय आहे. अंकाऱ्यात एकच गोष्ट पाहणार असाल तर ही पाहा. चातालहोयुकला सापडलेली जेमतेम वीतभर मातीची बाई इथे काचेत बसलेली आहे. सुमारे आठ हजार वर्षं जुनी, अंगाने भरदार, आणि दोन्ही हात दोन बाजूंच्या वाघबिबट्यांच्या डोक्यावर. ताई काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही वाघजाई इकडे कशी आली?"

दुपारी अनितकबीर, म्हणजे तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्कची समाधी. आत जाणारा रस्ता २६२ मीटर लांब, दोन्ही बाजूंना मिळून २४ दगडी सिंह. रस्त्याच्या फरश्या मुद्दाम फटी सोडून बसवल्यात, कारण येणाऱ्याने खाली बघत, मान झुकवून, सावकाश चालावं. ताई फटीत अडखळल्या तेव्हा आम्हाला हे कळलं. ज्याने १९२८ मध्ये लिपी बदलली आणि १९३४ मध्ये कायदा करून सगळ्या देशाला आडनावं घ्यायला लावली, त्याच्या समाधीपुढे शाळेची पोरं रांगेने फोटो काढत होती. तोवर तिथे आडनावाची सक्ती नव्हती. लोकांनी आपापली निवडली, काहींना ती चिकटवली गेली. 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा बाप, हे आडनाव त्याला त्याच वर्षी संसदेने दिलं. त्या दिवशी नावांचा हा विषय आमच्यामागे लागला तो वानपर्यंत सुटला नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस: दोउ एक्स्प्रेस

अंकाऱ्याहून कार्सपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर, कागदोपत्री चोवीस-पंचवीस तास. 'दोउ' म्हणजे पूर्व. या मार्गावर गाड्या दोन. एक पर्यटकांसाठीची महागडी, वाटेत थांबून गावं दाखवणारी, आणि दुसरी साधी रोजची. आम्ही साधी घेतली. तिकिटं उघडल्या उघडल्या संपतात, तेव्हा तारखेवर डोळा ठेवून बसा.

चार बाकांच्या आमच्या खणात एर्झुरुमच्या मायलेकी होत्या. मुलगी अंकाऱ्यात नर्सिंग शिकणारी. रात्री दहाला ताईंनी बाकरवडी काढली आणि समोरून द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेले सार्मा आले. फोनवरच्या भाषांतराला 'शाकाहारी' समजावता समजावता मुलगीच म्हणाली, "एत्सिझ!" एत म्हणजे मांस, एत्सिझ म्हणजे बिनमांसाचं. हा शब्द पाठ करून ठेवा. मात्र मसुराच्या सूपमध्येही कधी मटणाचं पाणी असतं, म्हणून 'एत सुयू वार मी?' असंही विचारायचं.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत लाल-पिवळे डोंगर होते आणि गाडी एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरत होती. खालून कारासू वाहत होती. ही फरात, म्हणजे युफ्रेटिस नदीचीच एक शाखा. मे संपत आला होता, नगरला पारा बेचाळीसवर, आणि इथे शिखरांवर बर्फ आणि रुळांच्या कडेला रानटी फुलांचा सडा. त्या आईने थर्मासमधून कोरा चहा ओतला, साखरेचा टणक खडा दातात धरला आणि त्याच्यावरून चहा ओढला. साखर पेल्यात घालायची नाही, दातात. याला 'कित्लामा' म्हणतात. ताईंनी ते बघितलं न बघितलं तोच खडा उचलला. त्यांचं आजोळ राजापूरचं, गुळाचा खडा तोंडात ठेवून कोरा चहा प्यायची सवय लहानपणापासूनची. त्या बाईंना इतका आनंद झाला की एर्झुरुमला उतरताना साखरेची अख्खी पुडी त्यांनी ताईंच्या पिशवीत कोंबली.

एर्झुरुम यायच्या तासभर आधी एक मजा असते. डब्यातले लोक स्टेशनजवळच्या हॉटेलात फोन करतात आणि गाडी थांबली की पोरं गरम जा कबाबाची पुडकी घेऊन फलाटावर हजर. मांसाचा आडवा गठ्ठा लाकडाच्या आगीवर फिरवत, सळईत ओवून कापलेले हे तुकडे पातळ पोळीत गुंडाळून खायचे. मी खाल्ले. ताईंनी पोळी आणि कांदा खाल्ला आणि तक्रार केली नाही.

एर्झुरुमच्या नावातला 'रूम' म्हणजे रोम. बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन राज्याला अरब आणि इराणी लोक रूम म्हणत. पुढे तिथे सेल्जुक तुर्क आले, मग उस्मानी तुर्क आले, तरी मुलखाचं नाव रूमच राहिलं. म्हणून कोन्याचे सूफी कवी मौलाना 'रूमी'. आणि म्हणूनच नगरला १५४९ मध्ये मलिक-ए-मैदान ही तोफ ओतणारा कारागीरही 'रूमी'च. सुमारे ५५ टनांची ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ओतली आमच्या नगरला, निजामशाहीत. 'तोफ' हा शब्दही तुर्की, 'तोप'वरून आलेला. लहानपणापासून ऐकलेल्या त्या रूम्याच्या मुलखात आपण फलाटावर कबाब खात उभे आहोत हे माझ्या डोक्यात यायला जरा वेळच लागला.

गाडी कार्सला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले, अडीच तास उशीर. पुढचा घोळ हॉटेलात. आमचं बुकिंग त्यांच्याकडे आदल्या रात्रीचं नोंदलेलं, म्हणजे आम्ही गाडीत झोपलो होतो तेव्हाचं. बरीच हुज्जत घालून झाल्यावर माळ्यावरची एक खोली मिळाली, तिचं छत इतकं उतरतं की बाथरूममध्ये वाकूनच जावं लागे. रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर बुकिंगची तारीख दोनदा तपासा.

चौथा दिवस: कार्स

कार्सचे रस्ते सरळ, काटकोनात, आणि घरं काळ्या बसाल्ट दगडाची. तुर्कस्तानात असून तुर्की न वाटणारं गाव. १८७८ ते १९१८ अशी चाळीस वर्षं ते रशियाकडे होतं आणि हे रस्ते त्यांनीच आखले. किल्ल्याच्या पायथ्याशी येशूच्या बारा प्रेषितांचं चर्च आहे. दहाव्या शतकात आर्मेनियन राजा अबासने बांधलेलं. घुमटाखाली बाराही प्रेषित कोरलेले आहेत, लहान मुलाने काढावेत तसे साधे, हात पोटाशी. ही इमारत चर्चची मशीद झाली, रशियन आल्यावर पुन्हा चर्च झाली, मध्यंतरी संग्रहालय होती, आता परत मशीद. पाटीवर 'कुंबेत जामी'. कुंबेत म्हणजे घुमट. चपला काढून आम्ही आत गेलो. गालिच्यावर एक आजोबा जपमाळ ओढत होते, वर प्रेषित, आणि दोघांचंही बरं चाललेलं दिसलं.

कार्सला आलात तर चीज खा. शहराच्या जुन्या तटबंदीत चीजचं संग्रहालयच आहे. इथलं ग्राव्येर म्हणजे स्वित्झर्लंडचं ग्रुयेर. रशियन काळात स्विस कारागिरांनी ते बोआतेपे नावाच्या खेड्यात करायला सुरुवात केली. त्या खेड्याचं जुनं नाव झावोत, रशियन भाषेत कारखाना. त्याच काळात इथे मालकान आले. हा रशियातला पंथ, चर्चच्या उपासाच्या दिवसांतही दूध पितात म्हणून बाकीच्यांनी हिणवून ठेवलेलं नाव. 'मोलोको' म्हणजे दूध. बहुतेक सगळे विसाव्या शतकात निघून गेले, मागे 'मालकान' नावाचं चीज उरलं. दुकानदाराने एका सुरीच्या पात्यावर एकामागून एक सात तुकडे चाखायला दिले. ताईंना हे दूधवाले फार आवडले. उपासाला दूध चालतं यात भांडण्यासारखं काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

जेवायला हांगेल: कणकेचे चौकोनी पातळ तुकडे उकडून, वर लसणीचं दही आणि लोण्यात खरपूस कांदा. पूर्ण एत्सिझ. वरणफळांतलं वरण काढून दही घातलं तर जे होईल ते. इथलं प्रसिद्ध हंसाचं मांस मात्र हिवाळ्याचं. पहिला बर्फ पडल्यावर हंस कापतात आणि मीठ लावून वाळवतात. मे महिन्यात मागितल्यावर हॉटेलवाला माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी दिवाळीत हापूस मागितला.

रात्री एका चहाच्या दुकानात आशिकांची बैठक होती. आशिक म्हणजे साझ हे तंतुवाद्य घेऊन गाणारे लोककवी. या परंपरेला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, पण इथे दहा-बारा माणसं, धूर, आणि चहाचे पेले किणकिणताहेत एवढंच. दोघे समोरासमोर बसले. प्रेक्षकांतून कुणीतरी एक शब्द दिला, त्याच यमकावर दोघांनी आळीपाळीने कडवी रचायची, आधी नमस्कार-चमत्कार, मग टोमणे, मग सरळ भांडण. ताई माझ्या कानात पुटपुटल्या, "हा तर कलगी-तुरा!" शेजारच्या मास्तरांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की यमकाला ते 'आयाक' म्हणतात, म्हणजे पाय. आपल्याकडे ओळीला चरण म्हणतात, तोही पायच.

मग मोठ्या आशिकाने खिशातून टाचणी काढली. दोन ओठांच्या मध्ये ती उभी धरली आणि तशीच गायला सुरुवात केली. प, ब, म, व, फ यांतलं एकही अक्षर आलं की ओठ मिटणार आणि टाचणी टोचणार. जागच्या जागी रचायचं, यमक सांभाळायचं, समोरच्याला उत्तर द्यायचं आणि ओठ मिटू द्यायचे नाहीत. याला 'लेबदेमेझ' म्हणतात, ओठ-न-लागे. तीन-चार मिनिटं मी श्वास रोखून फक्त त्या टाचणीच्या टोकाकडे बघत होते. संपल्यावर त्याने ती काढून दाखवली, रक्ताचा थेंब नाही. ताईंचा चेहरा वर्गात शेवटच्या बाकावरच्याने बरोबर उत्तर द्यावं तसा फुलला होता. "अगं, मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण! चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, प-फ-ब-भ-म शिवाय लिहिलंय म्हणून. कुणी गाऊन दाखवेल असं वाटलं नव्हतं." हे त्या मास्तरांना समजावण्यात पुढचा अर्धा तास आणि चहाचे तीन पेले गेले. बारामतीच्या पंतांचं नाव त्या रात्री कार्समध्ये बऱ्याच वेळा घेतलं गेलं.

(अशा बैठका रोज नसतात. हॉटेलवाल्यापेक्षा चहावाल्याला विचारा.)

पाचवा दिवस: आनी

कार्सहून ४५ किलोमीटर. टॅक्सी ठरवा आणि तीन-चार तास थांबायचं आधीच बोलून घ्या, परतीला तिथे काही मिळत नाही. पाणी, टोपी आणि वाऱ्याला अडवेल असं काहीतरी बरोबर हवंच.

सिंहाच्या दरवाजातून आत गेलं की समोर फक्त गवताचं माळरान आणि त्यात सुटी सुटी उभी असलेली चर्चं. इ.स. ९६१ मध्ये ही बग्रातुनी घराण्याची, म्हणजे आर्मेनियन राज्याची राजधानी झाली. एक हजार एक चर्चांचं शहर असा तिचा लौकिक होता. १०६४ मध्ये सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने ती जिंकली, पुढे मंगोल आले, १३१९ मध्ये भूकंप झाला, व्यापाराची वाट दुसरीकडे वळली आणि माणसं हळूहळू उठून गेली. त्रदात नावाच्या वास्तुविशारदाचं कॅथेड्रल १००१ मध्ये पूर्ण झालं. त्याचा घुमट भूकंपात पडला तो पडलाच. आत उभं राहिलं की घुमटाच्या जागी गोल आकाश दिसतं आणि पारवे त्यातून ये-जा करतात. पलीकडचं एक चर्च १९५७ च्या वादळात अर्धं कोसळलं. उरलेला अर्धा भाग सुरीने केक कापावा तसा उभा चिरलेला, आतलं सगळं बाहेरून दिसतं.

आम्ही दरीच्या काठावर होतो आणि आभाळ अचानक काळं झालं. वारा, मग थेंब, मग बोरांएवढ्या गारा. पळत सुटलो ते मनुचिहर मशिदीत. ही १०७२ ची, अ‍ॅनातोलियातली पहिली तुर्की मशीद मानतात. आत आमच्याआधीच एक गुराखी आणि त्याची दोन वासरं आडोशाला आलेली. लाल आणि काळ्या दगडांच्या नक्षीखाली आम्ही पाच जीव गारा थांबायची वाट बघत उभे. गुराख्याने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून आमच्या ओंजळीत ओतल्या. खिडकीतून खाली खोल दरीत नदी, नदीत मोडलेल्या जुन्या पुलाचे दोन खांब, आणि पलीकडे आर्मेनिया. नदीचं तुर्की नाव अर्पाचाय, आर्मेनियन नाव अखुर्यान. १९९३ पासून ही सरहद्द बंद आहे. गुराख्याने पलीकडच्या टेकडीवरच्या गुरांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "कोमशू." शेजारी. गुरं सारखीच दिसत होती.

टॅक्सीवाल्याला तीनला बोलावलं होतं. ताई म्हणाल्या, तीन वाजून गेले, तो नाही आला. माझ्या फोनवर दोन वाजले होते. दरीच्या काठावर फिरताना ताईंच्या फोनने आर्मेनियाचा टॉवर पकडला होता आणि घड्याळ निमूटपणे एक तास पुढे गेलं होतं. आनीला फोनवर नाही, मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवा.

१९१५ मध्ये उस्मानी राजवटीने आर्मेनियन लोकांना हद्दपार केलं, लाखो मारले गेले. बहुतेक इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात, तुर्की सरकार तो शब्द मान्य करत नाही. परतताना टॅक्सीवाला आपणहून बोलला. त्याच्या आजीच्या गावात एक जुनी विहीर आहे, तिला सगळे अजून 'त्यांची विहीर' म्हणतात. 'ते' कोण हे त्याने सांगितलं नाही.

सहावा दिवस: दोउबायाझित

मिनीबसने इदिरमार्गे. इकडे मिनीबसला दोल्मुश म्हणतात, म्हणजे 'भरलेली'. भरेपर्यंत हलत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वाटेत जवान गाडी थांबवून कागद बघतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

इदिरच्या खोलगट मैदानात जर्दाळूच्या बागा, आणि त्यांच्या मागे एकाएकी, कुठल्याही डोंगररांगेचा आधार नसलेला, अरारात. ५१३७ मीटर. आपण हिमालयवाले असलो तरी गप्प होतो, कारण हा सपाटीवरून एकटा उठतो. तुर्कीत आरी दाइ. 'आरी' म्हणजे दुखणं. इथल्या कुर्द लोकांच्या भाषेत, कुर्दीत, चियाये आगिरी, आर्मेनियनमध्ये मासिस. आर्मेनियाच्या राजचिन्हावर हाच डोंगर आहे, पण तो उभा तुर्कस्तानात.

गावावरच्या कड्यावर इशाक पाशाचा महाल. बांधकाम १६८५ ला सुरू झालं आणि शंभर वर्षांनी, १७८४ मध्ये संपलं, पुण्यात सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असताना. भिंतींतून गरम हवा खेळवायचे मार्ग केलेत. सोनेरी दरवाजे रशियन सैन्याने नेले. महालाच्या वरच्या अंगाला अहमद-ई-खानीची कबर आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीस कुर्दी भाषेत महाकाव्य लिहिणारा कवी. पाटीवर तुर्की स्पेलिंग 'हानी'. कुर्दीत त्याचं नाव एक्स या अक्षराने लिहितात, आणि तुर्की लिपीत एक्स, क्यू, डब्ल्यू ही अक्षरंच नाहीत. १९८३ च्या एका कायद्याने कुर्दी प्रकाशनांवर बंदी होती, ती १९९१ मध्ये उठली. २०१२ पासून शाळेत कुर्दी ऐच्छिक विषय म्हणून घेता येते.

कबरीजवळच्या चहाच्या बागेत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी ट्रे घेऊन आली. ताईंच्या कपाळावरच्या टिकलीकडे तिचं लक्ष. थोडा वेळ घुटमळली, मग विचारलं, "नावे ते ची ये?"

ताईंनी चटकन उत्तर दिलं. स्वतःचं नाव सांगितलं. मुलगी हसून गेली आणि मग ताई माझ्याकडे वळल्या. "तिने मराठीत विचारलं का गं?"

नव्हतं ते मराठीत. कुर्दीत नावाला 'नाव'च म्हणतात. तुर्कीत 'आद' किंवा 'इसिम'. तुर्की हे वेगळंच भाषाकुल, तर कुर्दी आपल्या घरची, इंडो-इराणी. मुलगी परत आली तेव्हा ताईंनी तिला बोटं दाखवून आकडे म्हणायला लावले. यक, दू, से, चार, पेंज, शश, हफ्त, हश्त, नह, दह. तुर्कीत बिर, इकी, उच, दोर्त म्हणून मी चार दिवस अडखळत होते आणि इथे अर्धी उजळणी आधीच पाठ. ताईंनी वहीच काढली. बैलाला 'गा', दिवसाला 'रोज', हाताला 'दस्त'. मुलीची आजीही येऊन बसली. चहाचे पैसे घेतले नाहीत, त्यावरून थोडी ओढाताण झाली. आभाराला 'स्पास' म्हणतात. म्हणून बघा, इकडे समोरच्याचा चेहरा बदलतो.

सातवा दिवस: चाल्दिरान आणि मासे

वानचा रस्ता तेंदुरेक ज्वालामुखीच्या काळ्या लाव्ह्यातून जातो, मैलोन्‌मैल जळक्या ढेपा. मग चाल्दिरान. १५१४ च्या ऑगस्टमध्ये या भागात सुलतान सेलीम आणि इराणचा शाह इस्माईल लढले. उस्मानी सैन्याने गाडे साखळ्यांनी बांधून मागे तोफा लावल्या आणि लढाई जिंकली. बारा वर्षांनी बाबराने पानिपतला गाडे बांधले ते 'रूमी पद्धतीने', असं त्यानेच लिहून ठेवलंय. मग त्याच शतकात नगरचा रूमी. माझ्या डोक्यात ही साखळी जुळत असताना दोल्मुशमधले सगळे झोपले होते. या लढाईतली गंमत अशी की इराणचा शाह तुर्कीत कविता करायचा आणि तुर्कांचा सुलतान फारसीत.

मुरादियेच्या धबधब्यापुढे एक ओढा लागतो, बेंदीमाही. बेंद म्हणजे बंधारा, माही म्हणजे मासा. नाव ऐकून उतरलो आणि अक्षरशः तेच होतं. वान सरोवराचं पाणी खारं आणि सोड्याचं, त्यात टिकणारा मुख्य मासा एकच, इंजी केफाली. अंडी घालायला त्याला गोडं पाणी लागतं म्हणून वसंतात लाखोंनी ओढे चढतो. दगडांच्या छोट्या पायरीवर चांदीच्या वीतभर पट्ट्या हवेत उसळत होत्या, आपटत होत्या, परत खाली येत होत्या आणि पुन्हा उसळत होत्या. वर समुद्रपक्षी फुकटच्या पंगतीला टपलेले. १५ एप्रिल ते १५ जुलै मासेमारी बंद असते. एकच मासा मी नजरेने धरून ठेवला, शेपटीला कसलीशी जखम होती. अकराव्या उडीला तो वर गेला. ताईंनी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या तीन अनोळखी माणसांनीही.

आठवा दिवस: वान

वान न्याहारीसाठी प्रसिद्ध आहे. 'काहवाल्ती' शब्दाचा अर्थ कॉफीच्या आधीचं. टेबलावर वीस वाट्या येतात: मध-साय, ऑलिव्ह, लोणी, रानलसणीसारखा सिर्मो घातलेलं औषधी वासाचं चीज. ताईंचा शोध म्हणजे कावुत, भाजलेल्या धान्याचं पीठ लोण्यात परतलेलं. "सातूचं पीठ," असा निर्णय देऊन त्यांनी दोन वाट्या संपवल्या. दोन माणसांत एकच न्याहारी मागवा, तरी उरते.

किल्ला म्हणजे सपाटीतून उठलेली लांबच लांब कातळाची भिंत. इसवीसनापूर्वी नवव्या शतकात इथे उरार्तू राज्याची राजधानी होती, तुश्पा. दक्षिणेच्या कड्यावर उंचावर इराणी सम्राट झर्कसीसचा तीन भाषांतला शिलालेख आहे. मजकूर मोठा प्रांजळ आहे. माझ्या बापाने, दारियसाने, ही चौकट खोदवली, पण काही लिहिलं नाही, म्हणून मी हे लिहवलं. अडीच हजार वर्षांपूर्वीची पाटी, आणि बापाची रिकामी जागा मुलाने भरली.

त्याच कड्याखाली जुनं वान होतं. आता तिथे फक्त उंचसखल गवत आहे. दोन-चार मशिदी आणि भिंतींचे सांगाडे. १९१५ च्या लढाईत आणि जाळपोळीत अख्खं शहर गेलं, आर्मेनियनही आणि मुसलमानही. नवं शहर पाच किलोमीटरवर वसवलं. गवतातल्या खड्ड्यांत घरांचे चौकोन ओळखू येतात. एका ठिकाणी उंबऱ्याचा दगड मधोमध झिजलेला होता. आम्ही तो ओलांडला नाही, बाजूने गेलो.

नववा दिवस: बेट आणि परत

गेवाशजवळून बोट वीसेक मिनिटांत बेटावर नेते. बोट भरल्यावरच सुटते, सकाळी गर्दी नसेल तर थांबावं लागतं. पाण्यात हात घातला की सोड्यामुळे साबण लावल्यासारखा बुळबुळीत होतो. तुर्कीत बेटाचं नाव आकदामार, म्हणजे 'पांढरी शीर'. आर्मेनियन नाव अख्तामार, आणि त्याची गोष्ट अशी की तामार नावाच्या मुलीचा दिवा विझवल्यामुळे अंधारात पोहत येणारा तिचा प्रियकर 'अख, तामार!' म्हणत बुडाला.

चर्च ९१५ ते ९२१ मध्ये गागिक राजाने मानुएल नावाच्या साधूकडून बांधून घेतलं. आतल्यापेक्षा बाहेर रमायचं. चारही भिंतींवर कोरीव चित्रं, आणि बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा तर चक्क कुत्र्याच्या तोंडाचा आणि कानाचा. कोरणाऱ्याने देवमासा कधी पाहिला नव्हता, हे स्पष्ट आहे. बाकीच्या आयुष्यात त्याने फक्त इंजी केफाली पाहिली असणार. २०१० मध्ये इथे वर्षातून एकदा प्रार्थना पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी वान-इस्तंबूल विमान. सिर्मोचं चीज मिठाच्या पाण्यातलं घेतलंत तर ते हातातल्या सामानात जात नाही, दुकानात पाणी काढून घट्ट बांधून मागा आणि मोठ्या बॅगेत टाका. आम्ही तसंच केलं. पुण्याला बॅग उघडली आणि नवरा आतल्या खोलीतून ओरडला, "गॅस गळतोय का?"

रविवारी ताईंनी ते किसून थालीपिठात घातलं. चहा कोरा केला, आणि एर्झुरुमच्या पुडीतला एकेक खडा सगळ्यांच्या बशीत ठेवला. नवऱ्याने तो पेल्यात टाकून ढवळायला घेतला तेव्हा ताईंनी त्याचा हात धरला.